पट आणि मत

महाराष्ट्रातील राजकारण शाळेच्या वर्गातून बाहेर आले, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल. १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडले. टिळक, आगरकर आणि गोखले हे तिघेही या संस्थांत आधी शिक्षक होते. लोकांनी त्यांस पुढारी मानले ते मागाहून. गोखल्यांनी तर उमेदीची जवळजवळ वीस वर्षे शिकविण्यात घालविली आणि मग सारा वेळ राजकारणास दिला; परंतु तेथे गेल्यावरही त्यांच्यातला मास्तर काही सुटला नाही. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते आज वाचले म्हणजे त्यातील मागणी किती माफक होती हे पाहून नवल वाटते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस शाळेत घालणे सक्तीचे करावे, तेही जेथील नगरपालिका वा लोकल बोर्ड आपण होऊन तशी इच्छा दर्शवील तेथे, आणि जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. ज्या पालकाची प्राप्ती महिना १० रुपयांहून कमी, त्याच्या मुलास फी नसावी. आणि खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा. एवढेच. पैसा नाही, सक्तीची वेळ अजून आलेली नाही, अशी कारणे निघाली आणि १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक बारगळले.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले आहेत. शाळा काढावी की मिटवावी हा वाद शेवटी मोजणीवर येतो, आणि ही मोजणी दोन परींची असते : एक हजेरीपटाची आणि दुसरी मतांची. गुरुजी पहिली मोजणी रोज सकाळी करतात. दुसरी निवडणुकीच्या दिवशी करून देतात. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. तो येथे करावयाचा आहे.

जेथे मतांची मोजणीच नव्हती अशा दोन संस्थानांत हे काम आधी झाले, ही गोष्ट लोकशाहीच्या अभिमान्यांस जरा अडचणीची आहे खरी. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे राज्यास लागू केला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. राजाने मनावर घेतले आणि शाळा उघडल्या. ब्रिटिश मुलखात १९१८ व १९२३ चे कायदे झाले; स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणास दहा वर्षांची मुदत घालून दिली; ती मुदत टळून चार दशके लोटल्यावर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. म्हणजे गोखल्यांची बाजू जिंकली, पण मते पडल्यावर ९८ वर्षांनी.

या कायद्याखालील केंद्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. जेथे शाळा नाही तेथे मुलांसाठी वाहनाची अथवा निवासाची सोय करावी. वाचावयास हे सर्व चांगले आहे. परंतु शिक्षकाच्या आयुष्यात कायद्यापेक्षा पट हा शब्द अधिक बलवान असतो. पटावरून शिक्षकांची पदे ठरतात. या ठरविण्यास दप्तरी भाषेत संचमान्यता म्हणतात. पट घसरला की पद जाते आणि त्या पदावरचा माणूस 'अतिरिक्त' होतो. आपल्या गावी वीस वर्षे शिकविलेल्या गृहस्थास एके दिवशी आपण अतिरिक्त आहो असे कागदावर वाचावे लागते, तेव्हा त्याच्या मनाचे काय होत असेल ते वाचकांनीच ताडावे. ज्या वस्तूवर इतके अवलंबून, तीत खोट शिरावयाचीच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीत असलेली पण वर्गात नसलेली मुले ठिकठिकाणी सापडली. त्या वेळी शिक्षकवर्गास पुष्कळ बोल लागला. तो काही अंशी रास्तही होता. तथापि अनुदान, पद आणि संस्था ही तिन्ही ज्या खुंटीला टांगली ती खुंटी कोणी ठोकली, हे कोणी विचारले नाही.

आता मूळ प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. तोरणमाळ व पानशेत येथील नमुने पुढे ठेवण्यात आले. अशा लहान शाळा राज्यात सुमारे पावणेपंधरा हजार असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतील पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे ठरले होतेच. यातली मौज अशी की, २००० सालाच्या सुमारास ज्या सरकारने वस्त्यावस्त्यांवर जाऊन वस्तीशाळा काढल्या, त्याच सरकारास पुढे वस्त्यांवरील शाळा फार झाल्या असे वाटू लागले.

वरील आकड्यांचा भागाकार केला तर दर शाळेस सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक पडतात. म्हणजे सहा मुलांमागे एक शिक्षक. कागदावर ही फारच चैन दिसते. शहरातील लाखभर रुपये फी घेणाऱ्या शाळेतही ती नसेल! आणि अर्थखात्यातील मंडळींस ही चैन खुपावी हेही साहजिकच आहे. परंतु भागाकार चुकीच्या संख्येने केला आहे. शिक्षक मुलांच्या डोक्यांना शिकवीत नाही, इयत्तांना शिकवितो. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, हा खरा हिशेब.

अशी शाळा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे खिचडी शिजवावयाची जागा. एका खोलीत पहिली व दुसरी, दुसरीत तिसरी, चौथी व पाचवी. पहिलीच्या तिघांना पाटीवर अक्षरे गिरवावयास लावून गुरुजी दुसरीच्या चौघांची बेरीज घेतात. बेरीज रंगात येते तो पहिलीतल्या एकाची पेन्सिल मोडते. शेजारच्या खोलीत पाचवीस अपूर्णांक चालले असताना तिसरीने मनात धडा वाचावा अशी अपेक्षा असते. पण तिसरीचे मूल मनात वाचू शकत नाही, ते ओठ हलवितेच. मग चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी उठते आणि लहानांचे पाढे घेते. जुन्या पंतोजींच्या शाळेतही हेच होते, आणि मद्रासेस ही रीत पाहून एका स्कॉटिश पाद्र्याने ती विलायतेस नेली, तेव्हा तिकडे ती मोठी शोध म्हणून गाजली. बहुवर्ग अध्यापन हे तिचे आजचे नाव. चांगल्या शिक्षकाच्या हाती ही रीत फार गोड फळे देते : लहान मूल मोठ्यांचा पाठ कानावर पडून आपोआप पुढे जाते, आणि मोठ्यास शिकविता शिकविता स्वतःचे पक्के होते. पण तीस एक अट आहे. दोन्ही शिक्षक शाळेत हवेत.

ते असतात का? कायद्याचे २७ वे कलम सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामास शिक्षकास लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितले होते की, मतदारयाद्यांची कामे शिक्षकांकडून सुटीच्या व शिकवणे नसलेल्या दिवशीच करून घ्यावी. असे असूनही लहान शाळेतील शिक्षकाच्या महिन्याचा हिशेब मांडून पाहावा. एक दिवस केंद्राची बैठक. दोन दिवस प्रशिक्षण. एक दिवस तालुक्यास माहिती नेऊन देणे, कारण संगणकावर भरलेली माहिती तेथे दिसत नाही म्हणतात. मतदारयादीचे काम असेल तर घरोघरी फिरणे. शिवाय रोजचा तांदूळ, डाळ, तेल मोजून त्याची नोंद. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शाळेत शिजलेले अन्न मिळू लागले ही आम्हांस फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती मोडावी असे कोणी म्हणू नये, पण त्या तांदळाचा जमाखर्च ठेवावयास सरकारने माणूस दिला नाही. तो गुरुजींच्याच माथी आला. दोघांतील एक गुरुजी असे गेले की राहिलेल्या एकाकडे पाचही इयत्ता येतात आणि त्या दिवशी शाळा उघडी असते, एवढेच म्हणता येते. पटाच्या तक्त्यात हा दिवस दिसत नाही.

मग लहान शाळा राखाव्या की मिटवाव्या? शिक्षकांच्या संघटना राखाव्या म्हणतात, सरकार मिटवाव्या म्हणते, आणि दोघेही एकच फूटपट्टी सर्वत्र लावतात. आमचे मत विचाराल तर चार मुलांची शाळा ही त्या मुलांवर उपकारच आहे, असे आम्हांस वाटत नाही. मुलांस सोबती लागतात. कबड्डीच्या दोन बाजू व्हावयाच्या तर चौदा जणे हवीत. वादास, चढाओढीस, नाटकुल्यास माणसे हवीत. जेथे सडक चांगली आहे, पलीकडची शाळा मैल-दीड मैलावर आहे आणि वाहनाची सोय केवळ पहिल्या वर्षापुरती नाही, तेथे दोन शाळांची एक करण्यास हरकत नसावी. पण मध्ये ओढा असेल, घाट असेल, पावसाळ्यात चार महिने वाट बंद पडत असेल, तेथे पटाचा आकडा दाखवून शाळा उचलणे म्हणजे वस्तीचे दार लावून घेणे होय. अशा ठिकाणी मुलगा कदाचित जाईल. त्याच्या बहिणीस आई पाठविणार नाही, धाकटा भाऊ सांभाळावयास घरी ठेवील. पट वीस की एकोणीस हे पाहण्याऐवजी जुलै महिन्यात सहा वर्षांच्या मुलीस पलीकडच्या शाळेत पायी जाता येईल काय, हे कोणी तरी स्वतः चालून पाहावे. त्यासाठी समिती नको. एक छत्री आणि एक सकाळ पुरे.

हे चालून कोणी पाहत नाही, याचे कारण मतांत आहे. ज्या जिल्हा परिषदांच्या या शाळा, त्यांपैकी बहुतेकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेला एकही सभासद नव्हता. कारभार प्रशासकाकडे होता. समूहशाळांचे पत्र निघाले ते या काळात. आपल्या गटातील शाळा जाऊ नये म्हणून सभेत उभा राहून भांडणारा सभासद, मग तो भांडो वा न भांडो, त्या दालनातच नव्हता. जिल्हा परिषदेच्या सभासदांविषयी शिक्षकांच्या मनात फार प्रेम असते असे नाही. २०१७ पासून बदल्या संगणकाने होऊ लागल्या, त्यापूर्वी एका बदलीसाठी किती उंबरे झिजवावे लागत, हे जुन्या शिक्षकांस विचारावे. तरीदेखील वस्तीचे गाऱ्हाणे ऐकावयास तोच एक जवळचा माणूस होता.

शिक्षकांचा तरी आवाज कोठे पोचतो? आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्या जागांसाठी मत कोणास आहे, हे मात्र सुशिक्षित घरांतही क्वचितच ठाऊक असते. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थांत किमान तीन वर्षे शिकविणारा तेवढा या मतास पात्र होतो. प्राथमिक शिक्षक नाही! राज्यातील सर्वांत मोठा शिक्षकवर्ग, जो गावोगाव मतदारयाद्या तयार करतो, मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसतो, त्याचे नाव शिक्षकांच्या यादीत नसते. आम्ही पहिली नऊ वर्षे प्राथमिक शाळेत होतो, तेव्हा पदवी हाती असल्यामुळे पदवीधर मतदार होतो, पण शिक्षक मतदार नव्हतो. माध्यमिक शाळेत येऊन तीन वर्षे भरली तेव्हा आम्ही घटनेच्या दृष्टीने शिक्षक झालो. त्या तीन वर्षांत आमच्या शिकविण्यात विशेष सुधारणा झाली असावी, असे आमच्या विद्यार्थ्यांस तरी वाटले नाही. घटनाकारांनी ही रचना केली तेव्हा त्यांचा हेतू काहीही असो. परिणाम असा झाला की अनुदान, वेतनश्रेणी, तुकड्या हे माध्यमिक शाळांचे प्रश्न परिषदेत वरचेवर निघतात आणि वस्तीवरच्या शाळेचा प्रश्न कोणाची जागा घालवीत नाही. २००० साली शिक्षण सेवक योजना निघाली आणि नव्या प्राथमिक शिक्षकास तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधनावर ठेवण्यात आले. पुढे ते ६,००० झाले आणि १६,००० व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत मधल्या काळात महागाई काही थांबलेली नव्हती.

मतांचा जोर पडला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला; १७ जून रोजी त्यात फेरफार झाला; आणि २९ जून रोजी, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे घालू नये, हे आमचेही मत असल्यामुळे निर्णय मागे गेला याचा आम्हांस आनंदच झाला. पण पाहा, पंचाहत्तर दिवसांच्या आत सरकार हलले. वर्तमानपत्रे लिहिती झाली, साहित्यिक बोलले, विरोधी पक्ष रस्त्यावर उतरावयास निघाले, घरोघरी जेवणाच्या पानावर त्याची चर्चा झाली. कोणती भाषा शिकवावी यावर एवढे बोलणारा समाज, मराठी जेथे फुकट शिकविली जाते त्या शाळेस कुलूप लागावयाचे म्हटले तर गप्प राहिला. सर्वस्वी गप्प राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल; शिक्षक बोलले, काही पालक बोलले, विरोध झालाही. पण जेवणाच्या पानावर तो विषय आला नाही.

तो का आला नाही, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. आपल्या घराण्यांतील दोन पिढ्यांमागची माणसे मराठी शाळेतून व्हर्नाक्युलर फायनल होऊन निघाली. कित्येक घरांत एक तरी मास्तर होऊन गेला. आज त्याच घरांतील मुलांच्या शाळेची मोटार सकाळी कोपऱ्यावर येते आणि जिल्हा परिषदेची अथवा महापालिकेची शाळा कोणत्या गल्लीत आहे हे सुनेस ठाऊक नसते. यात दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या मुलाचे बरे पाहावे हे आईबापांचे कामच आहे. प्राथमिक शिक्षकही याला अपवाद नाहीत. पुष्कळ गुरुजींची स्वतःची मुले तालुक्याच्या खाजगी शाळेत जातात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारास आदेश दिला होता की, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी व न्यायाधीशांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावी. तो आदेश अमलात आला नाही. येऊही नये असे आम्हांस वाटते, कारण घरातला असा निर्णय हुकमाने लादणे बरे नव्हे. परंतु न्यायमूर्तींनी रोगाचे निदान अचूक केले होते. ज्याचे मूल त्या बाकावर बसत नाही त्यास बाक मोडल्याचे कळत नाही.

तेव्हा निदान कळून घेण्यापुरते एक काम सुचवितो. आपल्यापैकी बहुतेकांचे कोठे तरी मूळ गाव आहे. कुलदैवतास, देवीच्या जत्रेस वर्षातून एकदा जाणे होते. घर पडके असले तरी वाटणीचा एखादा खण असतो. पुढल्या वेळी तेथे गेल्यावर देवळातून परतताना शाळेत डोकवावे. पट किती, शिक्षक किती, आणि गेल्या महिन्यात दोघेही एकत्र शाळेत होते असे दिवस किती, हे तीन प्रश्न विचारावे. प्रत्येक शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया. पुष्कळ ठिकाणी ही समिती सहीपुरती उरली आहे, कारण त्या बायाबापड्यांस आपला अधिकार कोणी समजावून सांगितलेला नसतो. आपल्या घरातील निवृत्त मंडळींस अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो, अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून बोलता येते. शाळा मिटविण्याचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत त्या समितीच्या बाजूने असा एखादा माणूस उभा राहिला तर वस्तीस तेवढा आधार होईल. देणगीची पाटी, रंगविलेली भिंत, वह्यांचे गठ्ठे हे सर्व ठीक आहे, परंतु त्याने पद टिकत नाही.

या खेपेस शिक्षक पात्रता परीक्षेविषयीही लिहावयाचे योजिले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत राहिलेल्या जुन्या शिक्षकांवरही दोन वर्षांत ती परीक्षा उतरण्याचे बंधन घातले आहे, आणि त्यावर दोन पत्रे आमच्याकडे आलेली आहेत. एक अशा शिक्षिकेचे, जिची मुलगी त्याच परीक्षेची तयारी करीत आहे. पण जागा संपली. तो विषय पुढल्या अंकी.